खुडूक कोंबडीच्या बाजूने

एखाद्या माणसाला 'खुडूक' म्हटले की त्यात गौरव अभिप्रेत नसतो. कामधंदा सोडून कोपऱ्यात बसलेला, कोणी जवळ गेल्यास अंगावर येणारा, असा त्याचा अर्थ. कुक्कुटपालनाचे व्यापारी शास्त्रही याच मताचे आहे. खुडूकपणाने अंडी बंद होतात, म्हणून त्याच्या लेखी तो मोडून काढावयाचा दोष. साहित्याच्या वर्गात शिरले की मात्र वारा फिरतो. तिथे अनुभव 'उबवला' जातो, कवितेला ऊब लागते, आणि लेखन-कार्यशाळेतून आलेल्या कथासंग्रहाला 'इनक्युबेटरमधली पिले' म्हणून हिणवता येते. (विद्यापीठांतून आता नवउद्योगांसाठी इनक्युबेशन केंद्रे निघाली आहेत, तेव्हा या शिवीची पंचाईत होणार हे उघड आहे.) कोंबडीला नावे ठेवणारे आणि तिची आरती ओवाळणारे, दोघांनीही ती नीट पाहिलेली नाही, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम आरतीवाल्यांविषयी. उबवणी म्हणजे निव्वळ माया, ही त्यांची समजूत. प्रत्यक्षात ते अत्यंत काटेकोर काम आहे. कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, अंडी घालणे थांबते, पोटाखालची पिसे झडतात आणि उघडी, तापलेली कातडी अंड्यांना थेट भिडते. पुढले २१ दिवस ती दहा-बारा अंड्यांवर बसते. बहुधा दिवसातून एकदाच, थोडा वेळ, दाणापाण्यापुरती उठते. अंडी चोचीने फिरवीत राहते, कडेची आत आणि आतली कडेला सारते. न फिरवल्यास वाढता गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटण्याचा धोका असतो. यंत्र दुसरे काय करते? ३७.५ अंशांच्या आसपास उष्णता, मापात ठेवलेली आर्द्रता, ठरावीक वेळाने फिरवणे, अठराव्या दिवसानंतर फिरवणे बंद करून आर्द्रता वाढवणे. यंत्र हे कोंबडीचे अनुकरण आहे, आणि चांगले अनुकरण आहे.

शिवाय ते पश्चिमेच्या कारखान्यातून कालपरवा निघालेलेही नाही. मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवण्याची इजिप्तची रीत फार जुनी. इजिप्तमध्ये उकिरड्यात पुरून अंडी उबवतात, असा उल्लेख ॲरिस्टॉटलनेही केला आहे. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने तापमापकाच्या साहाय्याने कृत्रिम उबवणीचा विचार केला व १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. भट्टीवाल्यांना तापमापकाची गरज वाटली नव्हती. ते अंडे पापणीला लावून ऊब पारखत. हात आणि यंत्र यांत ज्यांना सनातन वैर दिसते, त्यांनी या पापणीचा अवश्य विचार करावा.

आणि कोंबडी काही देवी नव्हे. एखादी अर्ध्यावर उठून जाते, एखादीच्या पायाखाली पिलू चेंगरते. मानमोडीची साथ आली तर तिच्या पंखाखालच्या पिलांनाही लसच वाचवते. 'देशी' या शब्दावरही भिस्त ठेवण्यात अर्थ नाही: असील कोंबडी उबवणीला उत्तम, पण झाबुआचा सुप्रसिद्ध कडकनाथ या कामात कच्चा.

मग यंत्राशी वैर नसताना आम्ही खुडूक कोंबडीची बाजू का घेतो? कारण वाद ऊब कोठली याचा नसून पिले कोणाच्या हातात राहतात याचा आहे. व्हाइट लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून. त्याच निवडीत तिचा खुडूकपणा जवळपास नाहीसा झाला. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते, कारण मधला काळ ती बसण्यात आणि पिले वाढवण्यात घालवते. शेड, खाद्य आणि वीज ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी पहिला हिशेब बिनचूक आहे. परंतु परसात पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या हिशेबात खुडूक कोंबडी हेच भांडवल असते. तिला वीज लागत नाही, म्हणून भारनियमन बाधत नाही. पिले निघाल्यावर बल्ब लावावा लागत नाही. काही आठवडे ती त्यांना पंखाखाली घेते, दाणा टिपायला शिकवते, घार दिसताच आवाज देते. त्या पिलांतील निम्मे नरही वाया जात नाहीत. पाहुण्याला, जत्रेला, बाजारला कोंबडा लागतोच. अंड्यांसाठीच्या जातींच्या उबवणी केंद्रांत मात्र तोच नर निरुपयोगी ठरतो आणि पहिल्याच दिवशी मारला जातो. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली, आपल्याकडे त्याची चर्चाही फारशी होत नाही.

गिरिराज, वनराज या परसासाठीच काढलेल्या सुधारित जाती. अंडी अधिक, वजन अधिक, रंगरूप गावठीसारखे. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे पुढची पिढी हवी असेल तर पुन्हा उबवणी केंद्राच्या दारी जाणे आले, मग ते खडकीचे सरकारी असो वा खासगी. यावर बायांनी काढलेली तोड सर्वश्रुत आहे: सुधारित कोंबडीची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवायची. सुधारणेचा सारा डोलारा अशा वेळी त्याच 'दोषी' कोंबडीच्या पोटाखाली उबत असतो, आणि श्रेय मात्र जातीच्या नावावर जमा होते.

हे चित्र आमच्या ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत का येत नाही? तिला कोंबडी दिसते ती पहाटेच्या आरवण्यापुरती किंवा रश्श्यापुरती. खुराडे, डालगे हे शब्द बोलीचा नमुना म्हणून परीक्षेत विचारले जातात; डालग्याखाली कोण बसली आहे आणि तिला उठवण्यात कोणाचा फायदा आहे, हे विचारले जात नाही. खुडूक कोंबडीला थंड पाण्यात बुचकळतात, खोपटाबाहेर टांगून ठेवतात, जाळीच्या पिंजऱ्यात कोंडतात, ती लवकर अंड्यावर यावी म्हणून. पिलांचे गट वाटणाऱ्या योजनांत दर गटामागे दोन चांगल्या बसणाऱ्या गावठी कोंबड्या द्याव्यात, एवढीच आमची मागणी आहे. त्यांचा खर्च एका लहान इनक्युबेटरपेक्षा कमीच येईल.