कोकणाला रुंदीही आहे!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'दोन दिवसांत कोकण' हा लेख वाचला आणि चहा कडू झाला. छायाचित्रे नऊ, नवांच्या नवांत समुद्र. शिवाय ७२० किलोमीटरचा किनारा, ७२० किलोमीटरचा किनारा, असा जप. त्या ७२० मध्ये मुंबई आणि पालघरही येतात, पण ते राहू द्या. ही झाली लांबी. किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतच्या रुंदीत काय आहे, हे तुमच्या लेखकाला गाडीच्या काचेतून दिसलेच नसावे.

तिथे सडा आहे. जांभ्याचा उघडा कातळ, उन्हाळ्यात पाय भाजणारा. पहिल्या पावसानंतर त्यावर दीपकाडी फुलते, श्रावणात सगळा सडा रंगतो. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या अंगात मासे, जनावरे कोरलेली आहेत. उक्षी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे इथलीही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तुमच्या लेखात त्यांना एक ओळ नाही. कोळंबीच्या कालवणाला मात्र दोन परिच्छेद!

हा नुसता लेखकाचा दोष नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून पर्यटन म्हणजे वाळू हेच सगळ्यांच्या डोक्यात बसले आहे. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा. खराबाच, मग चिरेखाणीला द्या, नाहीतर प्लॉट पाडून विका. सड्यावर मुरलेले पाणीच खालच्या वाडीतल्या विहिरींना येते, हे विहीर आटल्यावर कळते. ज्याचा फोटो कुणी छापत नाही ते मोडले तरी कुणाला चुकल्यासारखे वाटत नाही. म्हणून हा राग.

आणि ज्या वाळूचे एवढे कौतुक, तिचे तरी काय करता? पुरवणीच्या मुखपृष्ठावरच भरतीच्या रेषेवर उभी केलेली चारचाकी! वेळास, आंजर्ल्याला कासवमित्र ऑलिव्ह रिडलेची अंडी जपायला रात्री-अपरात्री किनारा पालथा घालतात. घरटे वाळूखाली असते, वरून दिसत नाही. त्यावरून चाक गेले की संपले. असल्या चित्राला 'थरार' म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्याबरोबर फिरून यावे. गाडी वाळूत रुतली की मग ट्रॅक्टर घेऊन धावायला गावकरी आहेतच.

महामार्गाबद्दल मुद्दामच लिहीत नाही. नाहीतर पत्र छापायला दुसरी पुरवणी काढावी लागेल.

पुढच्या पावसाळ्यात तुमचा लेखक सड्यावर पाठवा. गाडी खाली वाडीत ठेवायला सांगा, आणि पायांत धड पकड असलेल्या चपला घालायला. कातळ शेवाळतो.

— एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी