किंमत कळण्यापूर्वीचा करार

अमेरिकेत शाळेच्या अखेरच्या वर्षात असलेल्या मुलांपुढे दर शरद ऋतूत एक प्रश्न उभा राहतो. महाविद्यालयातील प्रवेशासाठी जानेवारीच्या सर्वसाधारण मुदतीपर्यंत थांबावयाचे, की नोव्हेंबरातच अर्ज करावयाचा? आणि करावयाचा तर कोणत्या प्रकाराने? ‘अर्ली ॲक्शन’मध्ये निकाल लवकर कळतो, तरीही १ मेपर्यंत इतर संस्थांशी तुलना करण्याची मोकळीक राहते. ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज मात्र एकाच संस्थेकडे करता येतो, प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारू आणि अन्य सर्व अर्ज मागे घेऊ, असे विद्यार्थी, पालक व शाळेचा समुपदेशक या तिघांना लिहून द्यावे लागते.

वरवर पाहता हा मुलाच्या आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः हा किंमत कळण्यापूर्वी केलेला खरेदीचा करार आहे. तेथे शुल्काचा छापील आकडा एक आणि प्रत्यक्ष भरावयाची रक्कम दुसरी. मधले अंतर संस्था किती साहाय्य देते त्यावर ठरते, आणि प्रत्येक संस्थेचा हिशेब निराळा. चार संस्थांची पत्रे समोर ठेवून त्यांची तुलना करणे, एवढीच काय ती सौदाशक्ती कष्टकरी व मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हाती असते. सही होताच तीही संपते. साहाय्य अपुरे पडल्यास करारातून सुटता येते हे खरे. परंतु दुसरीकडे किती मिळाले असते हे दाखविणारे पत्रच हाती नसते! पूर्ण शुल्क भरू शकणाऱ्याला या तुलनेची गरजच नाही. तो निर्धास्तपणे सही करतो आणि त्याचे बक्षीसही मिळवितो. ॲव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, लवकर अर्ज करण्याचा लाभ प्रवेशपरीक्षेतील सुमारे शंभर गुणांइतका असतो. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालये फोफावली, तेव्हा देणगी मागावी तरी लागत असे. तेथे अर्जाचा प्रकारच धनवंताची ओळख पटवून देतो.

ज्या कुटुंबाला साहाय्याची गरज आहे त्याने ‘अर्ली ॲक्शन’ अथवा सर्वसाधारण मुदत निवडावी, हा सल्ला योग्यच. पण त्या सल्ल्याने शंभर गुणांची तूट भरून निघत नाही.

ही पद्धत आधीच सुस्थितीत असलेल्यांना आणखी पुढे नेते, हे हार्वर्डचे त्या वेळचे अध्यक्ष डेरेक बॉक यांनी २००६ मध्ये मान्य केले. हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी तेव्हा लवकर प्रवेश बंद केले. बहुतेक प्रतिस्पर्धी संस्था मागे आल्या नाहीत, आणि २०११ मध्ये दोघांनीही ते पुन्हा सुरू केले. एकट्यादुकट्या संस्थेच्या सद्बुद्धीने बाजाराचे नियम बदलत नाहीत; त्यासाठी सर्वांना बांधणारा नियम लागतो. समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेचा असा एक तोकडा नियम होता : करार करणाऱ्या विद्यार्थ्यांना खास प्रलोभने दाखवू नयेत. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यात स्पर्धेचा भंग पाहिला, आणि २०१९ मध्ये संघटनेला तो नियमही रद्द करावा लागला.