भरवू नका!

आपल्याकडे घरातल्या कुणाला लकवा मारला की दोन गोष्टी ताबडतोब सुरू होतात. एक, पैशांची जमवाजमव. दोन, सेवा. पहिलीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती करावीच लागते. आजचा लेख दुसरीबद्दल आहे आणि तो थोडा कडू आहे. ज्यांच्या घरी सध्या असा पेशंट आहे त्यांनी राग आला तरी शेवटपर्यंत वाचा. मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

माझं म्हणणं एवढंच की हाताचं काही नुकसान आजार करतो, आणि उरलंसुरलं आपली माया करते.

आता जरा शास्त्र. (घाबरू नका, मी इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. सोपंच सांगणार.) मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की त्या भागातल्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हा भाग खरा. पण शेजारच्या जिवंत पेशी आणि वाचलेल्या वाटा हळूहळू त्यांचं काम उचलू शकतात. आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच उपमा सुचते, की एक सर्व्हर पडला, ट्रॅफिक दुसऱ्यावर वळवलं, झालं! चूक. आपल्याकडे ते वळवणारी यंत्रणा आधीच लिहून ठेवलेली असते. मेंदूत तसं काही तयार नसतं. हात हलवायचा प्रयत्न झाला, तोही पुन्हा पुन्हा, तरच नवी वाट पडते. ट्रॅफिकच आलं नाही तर वाट कशाला पडेल?

आणि वाट पडत नाही एवढ्यावरच हे थांबत नाही. अमेरिकेत रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूतल्या हाताच्या भागाला त्यांनी छोटीशी इजा केली होती. ज्या माकडांना नंतर काही शिकवलं नाही, त्यांच्या मेंदूतला हाताचा शाबूत राहिलेला भागही आक्रसला. ज्यांच्याकडून रोज छोट्या खळग्यातून खाऊ काढण्याचा सराव करून घेतला, त्यांचा तो भाग टिकला, काहींमध्ये तर तो शेजारच्या कोपर-खांद्याच्या भागात पसरला. म्हणजे बघा, इजा सारखीच होती. फरक पडला तो नंतरच्या कामामुळे.

दुसरं नाव एडवर्ड टाउब. माणूस वादग्रस्त. १९८१ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून अमेरिकेत खटला झाला. तो वाद इथे बाजूला ठेवू. त्याला दिसलं ते असं: माकडाच्या एका हाताची संवेदना तोडली की ते तो हात वापरायचंच सोडतं, हलवणाऱ्या नसा शाबूत असूनसुद्धा. कारण सुरुवातीला प्रयत्न फसतो आणि चांगल्या हाताने काम पटकन होतं. मग हात नाही वापरायचा हेच माकड शिकतं. चांगला हात बांधून ठेवला की तोच 'निकामी' हात पुन्हा कामाला लागतो. याच कल्पनेवर माणसांसाठी उपचार निघाला. अमेरिकेत २२२ पेशंटवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २००६ मध्ये आले. झटका येऊन ३ ते ९ महिने झालेले लोक होते. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात जास्त सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. (हा उपचार सगळ्यांना नाही. मनगट-बोटं थोडी तरी हलावी लागतात.)

आता आपलं घर आठवा. पेशंटचा उजवा हात कसाबसा वाटीपर्यंत जातो. तेवढ्यात सून म्हणते, "राहू द्या मामंजी, मी भरवते." पोरगा बटणं लावतो, नातू चप्पल घालतो, भाऊ उचलून बाथरूमला नेतो. चार माणसं चार बाजूंनी त्या हाताला एकच गोष्ट शिकवतात: तुझी गरज नाही. टाउबच्या माकडाला हे स्वतःच शिकावं लागलं. आपल्याकडे शिकवायला अख्खं खानदान हजर असतं!

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या वालूरला (सेलू तालुका, जिल्हा परभणी) माझ्या सख्ख्या चुलत्यांना उजव्या बाजूचा लकवा झाला. आमच्याकडे त्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हाच्या कागदावर सहा गोळ्यांची नावं आणि खाली एक शब्द, विश्रांती. व्यायामाचा 'व' नाही. भेटायला येणारा जो तो बिस्किटांचा पुडा ठेवणार आणि म्हणणार, "पडून राहा, ताण घेऊ नका." कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगे, कुणी अमुक गावचं मंगळवारचं औषध.

तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करणारी एक तरुण मुलगी मिळाली. तिने बघितलं, गिळणं व्यवस्थित आहे याची आधी खात्री केली, आणि काकूला सांगितलं: उजव्या हाताने निदान दहा घास खाल्ल्याशिवाय ताट उचलायचं नाही, तुम्ही भरवायचं तर अजिबात नाही. काकूने ते अक्षरशः पाळलं. एकेका जेवणाला तास लागे. वरण अंगावर, भाकरीचा काला भुईवर. शेजारच्या बायका दारातून बघत आणि ऐकू येईल असं बोलत, "नवरा घास सांडायलाय अन्‌ ही नुसती बघायलीय. काय काळजाची बाई म्हनावं!" काकू रात्री रडायची. सकाळी पुन्हा ताट मांडून समोर बसायची.

आठ महिन्यांनी काका बँकेत गेले आणि अंगठा न लावता सही केली. वाकडी होती, मॅनेजरने दोनदा जुनीशी ताडून बघितली, पण सही होती. हात पूर्ववत झालेला नाही. कापूस वेचणं आता होत नाही. पण नाडी स्वतः बांधतात, चहाचा कप स्वतः धरतात. एका माणसावरून नियम सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण त्या गावात काळजाची बाई कोण होती, हे मला पक्कं माहिती आहे.

आता नेहमीचे आक्षेप.

"वय झालं आता, काय शिकणार?" तरुण मेंदू जास्त लवचिक असतो, मान्य. पण म्हाताऱ्या मेंदूची शिकण्याची क्षमता संपते, हे खोटं. स्पेनमधून आलेले पेद्रो बाख-इ-रिता न्यूयॉर्कमध्ये शिकवत. १९५९ मध्ये त्यांना झटका आला. पासष्टीचा माणूस, अर्धं अंग लुळं. त्यांच्या डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाने त्यांना लहान मुलासारखं भिंतीला टेकून रांगायला लावलं. तिथेही शेजारपाजारचे म्हणाले, म्हाताऱ्याला कुत्र्यासारखं रांगवतोय! पण पेद्रो पुन्हा शिकवायला उभे राहिले. १९६५ मध्ये ते वारले. तपासणीत मेंदूतलं मूळ नुकसान प्रचंड असल्याचं दिसलं, आणि ते भरूनही आलेलं नव्हतं. दुसरा मुलगा पॉल मेंदूशास्त्रज्ञ होता, त्याने पुढचं आयुष्य याच प्रश्नाला वाहिलं.

"मग पहिल्याच दिवसापासून उभं करू?" नाही हो. २०१५ मध्ये दोन हजारांहून जास्त पेशंटवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या २४ तासांतच जोरात हालचाल सुरू केलेल्यांची स्थिती तुलनेने वाईट निघाली. कधी आणि किती, हे जाणकारानेच ठरवायचं. आणि माझा लेख औषधांविरुद्ध तर मुळीच नाही. लक्षण दिसताच दवाखाना गाठा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच उपयोगी असतं. तिथे कबुतर शोधत बसू नका!

"आम्ही घरीच करून घेऊ, व्हिडिओ बघून." हा आक्षेप मला स्वतःला फार आवडला असता, पण आकडे आडवे येतात. आपल्याच देशात १४ केंद्रांवर १,२५० पेशंटवर नेमकं हेच तपासलं. घरच्यांना दवाखान्यात शिकवायचं आणि घरी त्यांनीच व्यायाम करून घ्यायचा. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्व जवळपास सारखंच, ४७ टक्के. म्हणजे घरच्यांनी भरवणं थांबवलं, हे लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही. माझ्या मते याचा अर्थ असा की हे काम कुटुंबाच्या गळ्यात मारून सरकार आणि दवाखाने मोकळे होऊ शकत नाहीत. शिकलेला माणूस लागतो आणि भरपूर वेळ लागतो. २००९ च्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या चांगल्या केंद्रांमध्येही एका सत्रात दुबळ्या हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या. माकडांच्या प्रयोगात त्या रोज शेकड्यांनी होत. तिथे ही गत, तर 'आठवड्यातून एकदा येऊन हात वरखाली करून जातो' याला आपण फिजिओथेरपी का म्हणतो?

आणि हा प्रश्न किरकोळ नाही. गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात, दर सात मृत्यूंमागे साधारण एक. जे वाचतात, ते खाटेवर असतात. त्यांना मोजतं कोण?

आता तुम्ही-आम्ही. पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात बसलेली पोरं. गावाकडून फोन आला की आपण काय करतो? सर्वात महागडं हॉस्पिटल, भारीतली खाट, व्हीलचेअर, चोवीस तासांची बाई. सगळं ऑनलाइन, सगळं दोन दिवसांत. आपलं कर्तव्य संपलं! त्या बाईला पगार असतो पेशंटला काही करू न देण्याचा. तेवढ्याच पैशात सहा महिने रोज येणारा फिजिओथेरपिस्ट परवडला असता, पण त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकता येत नाही ना.

आमच्या वालूरची चक्राकार बारव गाळा-कचऱ्याने बुजली होती. गावकऱ्यांनी राबून ती मोकळी केली, तेव्हा पायऱ्या दिसल्या. त्या होत्याच, कुणी उतरत नव्हतं इतकंच. गाळ उपसायला लागली ती घमेली आणि माणसं.

तेव्हा पुढच्या वेळी सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. व्यायाम कोण घेणार? कोणत्या तारखेपासून? रोज किती वेळ? उत्तर 'विश्रांती' आलं तर कागद परत द्या आणि उत्तर मिळेपर्यंत टेबलासमोरून हलू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे का, नसेल तर का नाही, हे आमदाराला मतं मागायला येईल तेव्हा विचारा. आणि घरी गेल्यावर ताट पेशंटच्या दुबळ्या हाताच्या बाजूला ठेवा.

सांडेल. सांडू द्या. पुसायला फडकं जवळ ठेवा.