उत्तर देण्याची घाई

परवा बुधवारी आमच्या प्रौढांच्या बायबल अभ्यास वर्गात एक प्रसंग घडला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये हा वर्ग कसा चालतो हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कुणाच्या तरी घरी सतरंजी अंथरायची, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या. आधी पेटीवर एखादं भजन, बहुधा ना. वा. टिळकांचं. मग प्रार्थना, मग एक अध्याय, त्यावर बोलणं, प्रार्थनाविषय आणि शेवटी चहा. माणसं बारा-पंधरा, बहुतेक साठीच्या पुढची.

त्या दिवशी योहानाचा नववा अध्याय होता. जन्मांध माणसाची गोष्ट. हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, त्याच्या की आईबापांच्या, असं शिष्य विचारतात आणि येशू त्यांचा तो हिशेबच नाकारतो. वाचन संपलं तसा एक तरुण म्हणाला, "आम्ही आईसाठी चाळीस दिवस उपास-प्रार्थना केली. मग ती का गेली?"

प्रश्न संपायच्या आत तीन उत्तरं आली! एक म्हणाले, देवाची योजना आपल्याला कळत नाही. दुसरे म्हणाले, ती आता अधिक चांगल्या ठिकाणी आहे. तिसऱ्या बाई जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, "विश्वासात कुठेतरी कमी पडलं असेल." म्हणजे जो हिशेब येशूनं पाच मिनिटांपूर्वी नाकारला, तोच आम्ही पुन्हा मांडून बसलो. त्या मुलानं मान हलवली, बायबल मिटलं आणि चहा न घेता निघून गेला.

मला इतरांना नावं ठेवायचा अधिकार नाही. 1996 साली हा वर्ग मीच घेत असे. एका बाईंचा कर्ता मुलगा अपघातात गेला होता. महिन्याभरानं त्या वर्गाला आल्या आणि जवळजवळ हाच प्रश्न त्यांनी विचारला. मी शाळामास्तर! प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. मी तीन वेगवेगळ्या पुस्तकांतली वचनं काढून त्यांना दु:खाचा अर्थ समजावला. फळा असता तर मुद्दे लिहूनही दिले असते. "बरोबर आहे सर," त्या म्हणाल्या. त्यानंतर रविवारी उपासनेला येत राहिल्या, पण वर्गाला पुन्हा आल्या नाहीत. कितीतरी वर्षांनी एका लग्नात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, मला उत्तर नको होतं हो. नुसतं विचारायचं होतं. घरी कुणासमोर विचारता येत नव्हतं."

आपल्या वर्गांमध्ये ही उत्तराची घाई आली कुठून? मला वाटतं, तिला इतिहास आहे. मिशनच्या काळात खेड्यातल्या मंडळीत अक्षरओळख असलेली माणसं थोडी. शाळेचा मास्तर हाच बऱ्याचदा उपदेशकही असे. तो वाचणार, तोच अर्थ सांगणार, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या काळात दुसरा इलाज नव्हता, आणि त्या मास्तरांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पण आज वर्गातल्या बहुतेकांना वाचता येतं, हातात स्वतःचं बायबल आहे, तरी बसण्याची रीत तीच राहिली. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठी बायबल केलं. 1922 साली त्या गेल्या, त्याआधी त्यांनी ते काम पुरं केलं. साध्या बायाबापड्यांना स्वतः वाचून कळावं अशी मराठी त्यांना हवी होती. छपाईसाठी खिळे जुळवण्याचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. एवढा खटाटोप आम्ही नुसत्या माना डोलवाव्यात म्हणून होता का?

आणि शास्त्र तरी काय सांगतं? ईयोबाचे मित्र त्याच्याकडे आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं! मग तोंड उघडलं आणि अध्यायामागून अध्याय उत्तरं देत सुटले. शेवटी देव रागावतो तो या उत्तरं देणाऱ्या मित्रांवर, प्रश्न विचारणाऱ्या ईयोबाची बाजू तो घेतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. ज्यांनी स्तोत्रसंहिता जमवली त्यांनी ते गाळलं नाही. आणि वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्रातला प्रश्नच आहे.

काही जण म्हणतील, प्रश्नांना असं मोकळं सोडलं तर माणसं डळमळतील, भलत्याच शिकवणुकीच्या नादी लागतील. ही भीती खोटी नाही. शिकवणारा हवाच. पत्र कुणी कुणाला लिहिलं, शब्दाचा मूळ अर्थ काय, हे सांगायला जाणकार लागतो. इथिओपियाच्या राणीच्या खजिनदारालाही फिलिप्पाची गरज पडली. पण फिलिप्पानं आधी त्याला प्रश्न विचारला आणि मग रथात त्याच्या शेजारी जाऊन बसला. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचं म्हणणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली आहे. माझ्या पाहण्यात तरी प्रश्न विचारून माणसं मंडळीतून गेली नाहीत. प्रश्न गिळून मात्र गेली.

प्रार्थनासभेचंही थोडं असंच. कुणाची सून माहेरी गेली हे "प्रार्थनाविषय" म्हणून सगळ्यांना सांगून टाकायचं, किंवा डोळे मिटून "प्रभू, जे उशिरा येतात त्यांना सुबुद्धी दे" असं म्हणायचं! ते देवाला उद्देशून कमी आणि शेजाऱ्याला जास्त असतं. ज्याचं दु:ख आहे त्याला विचारल्याशिवाय त्याचा विषय मांडू नये, एवढा साधा नियम सगळ्यांनी पाळायला काय हरकत आहे?

असो. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तासभर बसलो, चहा घेतला. आईच्या हातच्या शेंगोळ्यांबद्दल तो बरंच बोलला. मी वचन सांगितलं नाही. सांगायचा मोह दोनदा झाला, हे कबूल करतो.

येत्या बुधवारसाठी मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुचवलंय. आळीपाळीनं वाचायचं, पाच मिनिटं शांत बसायचं, ज्याला विचारायचंय त्यानं विचारायचं आणि समारोप कुणीही करायचा नाही. तो मुलगा येईल की नाही, माहीत नाही. आला तर गप्प बसणं सगळ्यांत जड मलाच जाणार आहे!