सही शिकवून सरकार थांबते. आपण दहावीपर्यंत जाऊ

मे २०२५ मध्ये गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. लडाख, मिझोराम, त्रिपुरा आणि हिमाचल प्रदेश यांचीही अशीच घोषणा झाली आहे. बातमी चांगली आहे, पण ती आपल्या वस्तीतून वाचून पाहायला हवी. ९५ टक्के लोक साक्षर झाले की राज्य पूर्ण साक्षर धरले जाते. साक्षर म्हणजे मुख्यतः समजून वाचणारा, लिहिणारा आणि साधा हिशेब करणारा. नोकरीच्या अर्जात मात्र ‘साक्षर’ असा रकाना नसतो. तिथे दहावीचे प्रमाणपत्र मागतात.

२०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१.३ टक्के होती आणि देशाची ७३ टक्के. हा आकडा आपण जयंतीच्या भाषणांत अभिमानाने सांगतो. पण आठवीत शाळा सोडून मजूर नाक्यावर उभा राहणारा भाऊ आणि सातवीनंतर लग्न लावून दिलेली ताई यांचीही गणना त्यातच होते. त्यांना वाचता येते. त्यांची अडचण प्रमाणपत्राची आहे.

दहावी नसेल तर गट ड च्या बहुतेक पदांना अर्ज करता येत नाही आणि आयटीआयचे बहुतेक ट्रेड बंद होतात. अंगणवाडी मदतनीस व्हायला तर राज्यात आता बारावी लागते. पिढ्यानपिढ्या सफाईच्या कामात असलेल्या घरातल्या मुलाला झाडू सोडून टेबलावरचे काम हवे असेल, तर त्याच्याकडेही पहिल्यांदा हाच कागद मागितला जातो.

केंद्राची ‘उल्लास’ योजना २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. तिचा खर्च १,०३७.९० कोटी रुपये आणि उद्दिष्ट १५ वर्षांवरील ५ कोटी निरक्षर. म्हणजे पाच वर्षांत माणशी साधारण २०८ रुपये. शिकवणार स्वयंसेवक. समकक्ष शिक्षण हा या योजनेचा एक घटक आहे, पण ५ कोटींचे उद्दिष्ट फक्त पायाभूत साक्षरतेचे आहे. जे मोजले जाते, त्यासाठीच यंत्रणा राबते. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: किती प्रौढ दहावी झाले, हेही जिल्हावार मोजा आणि जिल्हा परिषद व महापालिकेच्या शाळा संध्याकाळी प्रौढांसाठी उघडा.

मागणी करत असताना आपले काम थांबता कामा नये. मार्ग उपलब्ध आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजेच एनआयओएसची, दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. तिथे कमाल वयाची अट नाही. पाच विषय, पाच वर्षे आणि नऊ संधी मिळतात, त्यामुळे एकेक विषय सोडवता येतो. गणित सक्तीचे नाही. मात्र पुढच्या कोर्सला ते लागणार असेल तर आधीच घ्यावे. अनुसूचित जातींना शुल्कात सवलत आहे आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्रातही बौद्ध त्यात येतात. जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. ‘घरबसल्या महिनाभरात दहावी’ देणाऱ्या दलालांपासून मात्र सावध राहा. अशा कागदावर मिळालेली नोकरी पडताळणीत जाते आणि वर गुन्हा दाखल होतो.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग भरत. शिकणाऱ्याच्या वेळेप्रमाणे शाळा, ही आपलीच परंपरा आहे.

वर्षावासात तीन महिने विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. सर्वांत जास्त गर्दी ताई-माईंची असते. रोज तासभर बसून ग्रंथ ऐकणाऱ्या, त्यावर प्रश्न विचारणाऱ्या या महिलांना दहावी का जमणार नाही? त्याच सतरंजीवर, वंदनेनंतर, वर्ग भरू शकतो. कॉलेजच्या मुलामुलींनी इंग्रजी आणि गणित घ्यावे. परीक्षा शुल्क जयंतीच्या वर्गणीतून भरावे. डीजेचा खर्च थोडा कमी केला तरी भागेल.

येत्या रविवारी प्रत्येक विहारात एक वही उघडा. वस्तीत दहावी न झालेले किती, कोणी कोणत्या इयत्तेत शाळा सोडली आणि शाळा सोडल्याचा दाखला कोणाकडे आहे, एवढेच लिहा. पुढच्या रविवारी त्यातल्या पाच जणांचे फॉर्म भरा.

जयभीम.