गुरांची घुरघुर : वेळ दवडू नका



पहाटे धारेला गेल्यावर म्हशीचा श्वास घुरघुरताना ऐकू आला, तर ‘सर्दी असेल, उतरेल दोन दिवसांत’ असे म्हणून सोडून देऊ नये. आवाज एकसारखा वाटला, तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात.

सर्वांत घातक कारण घटसर्प. हा रोग बहुधा पावसाळ्यात येतो आणि गाईपेक्षा म्हशीला अधिक होतो. १०४ ते १०७ अंश फॅरनहीट ताप चढतो, रवंथ थांबते, लाळ गळते आणि गळ्याखाली गरम, दुखरी सूज येते. सुजेने श्वासाची वाट आवळते व घुरघुर सुरू होते. अशी म्हैस एका दिवसातही दगावते. औषध लागू पडते ते सुरुवातीलाच.

चरताना आंब्याची कोय किंवा अख्खा बटाटा घशात अडकला, तरी जनावर मान ताणून घरघरते. लाळ गळते, डावी कूस फुगते. पण सुरुवातीला ताप नसतो. काठी घालून ढकलू नये, अन्ननलिका फाटते.

तेल किंवा काढा पाजताना मान फार उंच धरली, जीभ ओढली, तर औषध फुफ्फुसात उतरते. मग खोकला, ताप व धाप लागते. म्हणून धापणाऱ्या जनावराला तोंडाने काहीही पाजू नये.

बैल महिनोन्‌महिने घोरल्यासारखा श्वास घेतो, नाकातून शेंबूड किंवा रक्त येते, तेव्हा नाकातील कृमींचा संशय घ्यावा. गोगलगायी असलेल्या डबक्यातून हे कृमी येतात. तेथे गुरे पाण्यावर नेऊ नयेत.

जनावर शांत उभे असताना कुशीची हालचाल मोजावी. मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास ठीक. त्याहून बरेच जास्त असतील, घुरघुर असेल किंवा गळा सुजला असेल, तर जनावर वेगळे बांधून त्याच वेळी पशुवैद्यकांना बोलवावे. दूध किती घटले, हे नंतर पाहता येईल.

घटसर्पाची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये टोचून घ्यावी. गोठ्यातील एकही जनावर वगळू नये. दावणीची म्हैस गेली, तर घरच्या दुधाबरोबर हप्त्याचा आधारही जातो. त्यामानाने लशीसाठी मोडलेली एक सकाळ काहीच नाही.