दयेच्या चौकटीबाहेरचे चित्र

अमेरिकेच्या टांकसाळीने ऑगस्ट २०२५मध्ये पंचवीस सेंटचे एक नवे नाणे चलनात आणले. त्यावर विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसलेली एक तरुणी समोरच्या श्रोत्यांशी बोलताना दिसते. तिचा एक हात पुढे आला आहे, तर दुसरा गळ्यापाशी, श्वासनलिकेत बसवलेल्या नळीजवळ विसावला आहे. ही स्टेसी पार्क मिलबर्न. स्नायूंचा जन्मजात आजार असलेली ही कोरियन-अमेरिकन कार्यकर्ती १९ मे २०२० रोजी, वयाच्या तेहेतिसाव्या वाढदिवशी मरण पावली. नाण्यावर तिच्या नावासोबत ‘डिसॅबिलिटी जस्टिस’, म्हणजे ‘अपंगांसाठी न्याय’, हे दोन शब्द कोरलेले आहेत.

याच नाण्याच्या आगेमागे अमेरिकेत आणखी एक घटना घडली. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ‘मेडिकेड’ या गरीब व अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या खर्चाला मोठी कात्री लावली. या कायद्यामुळे २०३४पर्यंत सुमारे एक कोटी लोक आरोग्य विम्याबाहेर फेकले जातील, असा तेथील संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. घरी राहून मदतनीसांच्या आधाराने जगणारे हजारो अपंग याच योजनेवर विसंबून आहेत. एका हाताने गौरव आणि दुसऱ्या हाताने कपात, असा हा प्रकार आहे. ज्या चळवळीचे नाव नाण्यावर आले, ती चळवळ नेमके काय मागते आणि तिची मागणी चित्र, शिल्प, छायाचित्र यांच्या भाषेत कशी मांडली गेली, हे त्यामुळेच समजून घ्यायला हवे.

हक्कांपासून न्यायाकडे

अमेरिकेत अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा १९९०मध्ये झाला. त्यासाठी आंदोलकांनी कुबड्या आणि खुर्च्या बाजूला ठेवून संसदभवनाच्या पायऱ्या सरपटत चढल्या होत्या. या कायद्याने इमारती, बस आणि नोकऱ्यांची दारे उघडली, हे नाकारून चालणार नाही. मात्र दार उघडले तरी तिथपर्यंत कोण पोहोचू शकतो, हा प्रश्न शिल्लक राहिला. वकील करण्याची ऐपत नसलेले, वर्णाने काळे, स्थलांतरित, आजारपणामुळे पूर्णवेळ काम करू न शकणारे अपंग या हक्कांच्या भाषेत बसत नव्हते. २००५च्या सुमारास पॅटी बर्न, मिया मिंगस, लिरॉय मूर, मिलबर्न आदी कार्यकर्त्यांनी या उणिवेवर बोट ठेवले आणि ‘डिसॅबिलिटी जस्टिस’ ही संकल्पना पुढे आणली. परस्परावलंबन ही कमजोरी मानू नये, माणसाचे मोल त्याच्या उत्पादनक्षमतेवर ठरवू नये आणि प्रवेशसुलभता ही सर्वांनी मिळून उचलायची जबाबदारी असावी, ही तिची प्रमुख सूत्रे होत.

विशेष म्हणजे ही संकल्पना रुजली ती रंगमंचावरून. बर्न आणि मूर यांच्या पुढाकाराने सॅन फ्रान्सिस्को परिसरात उभ्या राहिलेल्या ‘सिन्स इनव्हॅलिड’ या कलासमूहाने २००६पासून अपंग कलावंतांचे प्रयोग सादर केले. अपंग शरीर पाहताना प्रेक्षकाच्या मनात कणव किंवा कौतुक, याखेरीज तिसरी भावना का येत नाही, हा या प्रयोगांचा सवाल होता.

शरीर कोणाच्या मालकीचे?

आजार आणि चित्र यांचे नाते अर्थातच जुने आहे. लहानपणी पोलिओ झालेल्या आणि १९२५च्या बस अपघातात मणक्याला इजा झालेल्या मेक्सिकोच्या फ्रीडा कालो हिने १९४४मध्ये स्वतःला भंगलेल्या स्तंभाच्या रूपात रंगवले. या चित्राची प्रतिकृती आज जगभर विकली जाते. परंतु ती बहुधा एका असामान्य स्त्रीच्या वैयक्तिक वेदनेची कथा म्हणून.

ब्रिटनच्या जो स्पेन्स या छायाचित्रकार महिलेने त्यापुढचे पाऊल टाकले. १९८२मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या स्तनावर तो आपल्याच मालकीचा आहे ना, असा प्रश्न लिहून छायाचित्र काढले. रुग्णालयात दाखल झालेल्या बाईचे शरीर डॉक्टरांच्या फौजेच्या ताब्यात जाते आणि तिला कोणी काही विचारत नाही, ही तक्रार त्यांनी कॅमेऱ्याच्या साह्याने नोंदवली. येथे आजार खासगी दुःखाच्या कोपऱ्यातून बाहेर पडला आणि सत्तेचा प्रश्न बनला.

त्याच दशकात अमेरिकेत एड्सने थैमान घातले आणि सरकार गप्प बसले, तेव्हा क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून मृतांच्या आप्तमित्रांनी गोधडी शिवायला घेतली. एकेका मृतासाठी कापडाचा एकेक तुकडा, साधारण कबरीच्या मापाचा, तीन फूट रुंद व सहा फूट लांब. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ती प्रथम अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज ही संख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. या कलाकृतीचा कर्ता कोणी एक कलावंत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनीच ती शिवली, हेच तिचे बळ ठरले.

दारातील पायरी

अलीकडच्या कलावंतांनी आणखी एक धाडस केले. त्यांनी स्वतःच्या शरीराचे चित्र दाखवण्याऐवजी ते शरीर ज्या व्यवस्थेला अडखळते, ती व्यवस्थाच दालनात मांडली. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या पार्क मॅकआर्थर यांनी २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या एका दालनात वीस रॅम्प जमिनीवर ओळीने ठेवले. कोणी पत्र्याचे, कोणी प्लायवूडचे, कोणी घाईघाईत ठोकून केलेले. शहरातील विविध कलासंस्थांकडून ते उसने आणले होते. त्यांपैकी बरेच मॅकआर्थर यांनी मागणी केल्यावरच तयार झालेले. रॅम्प प्रदर्शनात आला की त्या संस्थेच्या दारातील पायरी पुन्हा उघडी पडत होती. पुरोगामीपणाचा बोलबाला असलेल्या कलाजगताला यापेक्षा नेमका आरसा दाखवणे कठीण.

फिनेगन शॅनन यांच्या निळ्या बाकांचेही असेच. संग्रहालयात तासन्‌तास उभे राहून चित्रे पाहावीत, असे गृहीत धरले जाते. शॅनन यांनी २०१८पासून बनवलेल्या बाकांवर या उभे राहण्याविषयीची तक्रार ठळक अक्षरांत लिहिलेली असते आणि जो सहमत असेल त्याने बसावे, असे आवाहन असते. बसणारा प्रत्येकजण नकळत एका मागणीपत्रावर सही करतो. त्यात गुडघेदुखीने हैराण झालेली आजी असते, तशीच कडेवर मूल घेऊन दमलेली आईही असते.

कॅरोलिन लझार्ड यांना आतड्यांचा दीर्घकालीन आजार आहे. २०१६मध्ये त्यांनी सकाळी नऊ ते रात्री नऊ असा बारा तासांचा एक प्रयोग अंथरुणात पडून केला. अर्ध्या अर्ध्या तासाने एकेक पाहुणा येई. प्रवेशशुल्क एवढेच की येताना फुलांचा गुच्छ आणायचा. आजाऱ्याला भेटायला जाणे ही जगातील सर्वांत साधी रीत. तिलाच लझार्ड यांनी कलेचा दर्जा दिला. या कृतीच्या शीर्षकात ज्यांची नावे आहेत त्यांत मॅकआर्थर आणि त्यांच्या सहकारी कॉन्स्टंटिना झाविट्सानोस आहेत. मॅकआर्थर यांना रोज रात्री अंथरुणावर निजवण्यासाठी मित्रमैत्रिणींनी पाळ्या लावून जो शुश्रूषा-गट चालवला, त्यावर या दोघींनी २०१३मध्ये लिहिले होते. उचलणारे हात आणि उचलले जाणारे शरीर यांच्यातील विश्वास हाच त्यांच्या लेखनाचा आणि कलेचा गाभा आहे. लझार्ड यांनी २०१९मध्ये छोट्या कलासंस्थांसाठी एक मार्गदर्शिकाही लिहिली. सांकेतिक भाषेचा दुभाषा, उपशीर्षके, रॅम्प यांची तरतूद अंदाजपत्रक आखतानाच करावी; ती शेवटी उरलेल्या पैशांतून करायची गोष्ट नव्हे, असे तिचे सांगणे आहे.

शंका आणि मर्यादा

या साऱ्याविषयी काही शंका रास्त आहेत. पहिली शंका कलासंस्थांबद्दलची. अपंगत्वावरील प्रदर्शन भरवून संस्थेला पुण्य मिळते, पण प्रदर्शन उतरले की बाकही उचलले जातात. करोनाकाळात घरबसल्या पाहता येणारे कार्यक्रम एका रात्रीत शक्य झाले. दारे उघडताच त्यांतील कित्येक बंद पडले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने यातून काय समजायचे?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मित्रांनी मित्रांची शुश्रूषा करावी, हा विचार उदात्त आहे. मात्र सरकारला अंग काढून घ्यायला तो निमित्त तर ठरणार नाही? मिलबर्न यांचे स्वतःचे काम या शंकेला उत्तर देते. २०१९मध्ये कॅलिफोर्नियात वणव्यांच्या भीतीने वीज कंपनीने पुरवठा तोडला, तेव्हा श्वसनयंत्रावर जगणाऱ्यांसाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मदतीचे जाळे उभारले. २०२०मध्ये मास्क व जंतुनाशकाच्या पिशव्या भरून त्यांनी ओकलंडच्या बेघरांपर्यंत पोहोचवल्या. परंतु हे करताना वीज कंपनी आणि शासन यांना जाब विचारणे त्यांनी थांबवले नाही. सामूहिक शुश्रूषा हा तगून राहण्याचा मार्ग होता. हक्कावर सोडलेले पाणी नव्हे. मेडिकेडच्या कपातीनंतर हा फरक स्पष्ट ठेवणे तेथील चळवळीला अधिकच गरजेचे झाले आहे.

आपल्याकडचे चित्र

भारतात या प्रश्नाला वेगळे वळण आहे. बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७मध्ये पूर्णपणे गेली. त्यानंतरही त्यांनी कागद कापून चित्रे केली आणि १९७२मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात टाइलचे भव्य भित्तिचित्र साकारले. सत्यजित राय यांच्या लघुपटामुळे ही कथा सर्वांना ठाऊक झाली. आपण ती सांगतो ती एका व्यक्तीच्या जिद्दीची कथा म्हणून. असे भित्तिचित्र एकट्याच्या हातांनी उभे राहत नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही.

कायद्याच्या पातळीवर आपण मागे नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन असे दीर्घकालीन आजार त्यात आले. कलेचा आस्वाद अपंगांना घेता यावा यासाठी उपाय योजणे हे कलम २९नुसार सरकारचे कर्तव्य आहे. तथापि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाच्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारख्या रक्ताच्या विकारांना स्थान नाही. सुलभतेचे नियमही केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असल्याचा ठपका ठेवून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात संबंधित नियम रद्दबातल ठरवला आणि बंधनकारक निकष ठरवण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. ‘अपंग’ शब्द बदलून ‘दिव्यांग’ केल्याने दारातील पायरी सपाट होत नाही, असे अनेक अपंग कार्यकर्ते म्हणतात, ते याच अर्थाने.

आणि शुश्रूषा? ती आपल्याकडे ‘सामूहिक’ असल्याचा समज आहे. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना रात्री उठून औषध कोण देते, हे विचारले जात नाही. केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात आणि त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के, वेळ ७४ मिनिटे. म्हणजेच आपली सामूहिक शुश्रूषा बव्हंशी सासू, सून, आई आणि लेक यांच्या खांद्यावर उभी आहे. तिला ना वेतन, ना सुट्टी, ना चित्रात जागा.

अमेरिकेतील या कलावंतांनी काढलेला रॅम्प, बाक आणि फुलांचा गुच्छ यांचा विषय म्हणूनच मुंबई-पुण्याच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. आजारपण, म्हातारपण यांच्या वाटेने प्रत्येकजण कधी ना कधी त्या बाकावर येऊन बसणारच आहे. तो बाक कोणाच्या दयेने ठेवलेला असेल की सर्वांच्या खर्चाने आणि हक्काने, याचा निर्णय मात्र आधी करावा लागतो. मिलबर्न यांची प्रतिमा नाण्यावर आली. त्या नाण्याची किंमत ठरेल ती अंदाजपत्रकाच्या पानावर.